कोणती पदवी? : वसाहतकालीन वैद्यकीय शिक्षणातील निवडीचा प्रश्न

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास बहुधा 'पहिल्यां'च्या नोंदींतून लिहिला गेला आहे. पहिले शवविच्छेदन, पहिली तुकडी, पहिली स्त्री-डॉक्टर, पहिले महाविद्यालय. या नोंदी आवश्यक आहेत, परंतु त्यांच्या मांडणीत एक साधा प्रश्न मागे पडतो. हे शिक्षण ज्यांनी घेतले त्यांच्यापुढे त्या वेळी कोणकोणत्या पदव्या होत्या, त्यांतील एक त्यांनी का स्वीकारली आणि दुसरी का सोडली? आनंदीबाई जोशी यांच्या नावापुढे एम. डी., कादंबिनी गांगुली यांच्या नावापुढे जी. बी. एम. सी. आणि रखमाबाईंच्या नावापुढे स्कॉटलंडचा परवाना व ब्रसेल्सची एम. डी. अशी अक्षरे आहेत. चरित्रकार ती अलंकारासारखी लिहून पुढे सरकतात. वस्तुतः ही तीनही माणसे एकाच दशकातील, एकच विद्या शिकू पाहणारी. मग अक्षरे इतकी वेगळी का? प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की वसाहतकालीन हिंदुस्थानात वैद्यकीय पदवी निवडणे हे विद्याशाखा निवडण्यापेक्षा दर्जा निवडणे होते, आणि त्या निवडीच्या मर्यादा विद्यार्थ्याने ठरविलेल्या नव्हत्या. त्या भाषेने, लिंगाने आणि सरकारी नोंदवहीने ठरविल्या होत्या.

प्रथम भाषेचा मुद्दा. कंपनी सरकारने १८२२ साली कलकत्त्यास 'नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन' काढली ती लष्कराला आणि मुलकी दवाखान्यांना मदतनीस हवे होते म्हणून. मुंबईत १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली तशीच शाळा निघाली. दोन्हीकडे शिक्षण देशी भाषांतून होते. मुंबईची शाळा १८३२ मध्ये बंद झाली. कलकत्त्याची १८३५ मध्ये बंद करून तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज उभे राहिले. संस्कृत कॉलेजच्या वैद्यकवर्गातून तेथे आलेले मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली शवविच्छेदन केले, ही घटना सर्वांना माहीत आहे. तिच्या गाजावाजात त्याआधीचा निर्णय झाकला जातो. देशी भाषेत वैद्यक शिकविण्याचा प्रयोग तेरा वर्षांनी मोडीत निघाला आणि पुढे डॉक्टर होणे म्हणजे आधी इंग्रजी होणे, असे समीकरण रूढ झाले.

मुंबईत गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून आणि सरकारी रकमेतून शेजारी रुग्णालय उभे राहिले. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावणारे गोव्याचे लिस्बोआ हे त्यातले. मुंबई विद्यापीठ तोवर जन्मलेलेच नव्हते, म्हणून यांना मिळाले ते 'जी. जी. एम. सी.', म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर, एवढेच बिरुद. त्या नावामागे विद्यापीठ नव्हते, तरी समाजात त्याला मोल आले. विद्यापीठ स्थापन झाल्यावर एल. एम. आणि नंतर एल. एम. अँड एस. या परीक्षा आल्या.

याच आवारात १८६१ साली दुसरे एक दार उघडले. मराठी आणि गुजराती माध्यमाचा 'देशी भाषावर्ग' सुरू झाला. इंग्रजी दाराने आत जाणारा विद्यापीठाचा पदवीधर होऊन असिस्टंट सर्जन होऊ शके. देशी दाराने जाणारा हॉस्पिटल असिस्टंट होई, आणि आयुष्यभर पहिल्याच्या हाताखाली राही. रोगी तेच, औषधे तीच, पुष्कळदा शिक्षकही तेच. या वर्गासाठी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले गेले. त्या लेखकांत रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे नाव अग्रभागी आहे. मराठी शास्त्रीय गद्याच्या अभ्यासकांनी या ग्रंथांची दखल परिभाषेच्या दृष्टीने घेतली, ती योग्यच आहे. मात्र हे ग्रंथ ज्या विद्यार्थ्यासाठी लिहिले तो खालच्या दर्जाचा नोकर होणार हे लेखकाला आणि विद्यार्थ्याला दोघांनाही ठाऊक होते, ही गोष्ट नजरेआड करू नये. मराठीतून वैद्यक शिकता येत होते. मराठीतून डॉक्टर होता येत नव्हते.

हैदराबाद संस्थानात मात्र वेगळे घडले. तेथील वैद्यकीय शाळा १८४६ सालची. मध्यंतरी तिचे शिक्षण इंग्रजीत गेले तरी १९२० च्या दशकात उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकाची पूर्ण पदवी उर्दू माध्यमातून देण्यास आरंभ केला. देशी भाषेतून शिकूनही पदवीचा दर्जा न घटणे हे या देशात तेथेच घडले. त्यातली गंमत अशी की मराठवाड्यातल्या मराठी मुलाला स्वतःच्या संस्थानात डॉक्टर व्हायचे तर शरीरशास्त्र उर्दूत पाठ करावे लागे. त्याच्यापुरती ती 'देशी' भाषाही परकीच होती. १९४८ नंतर तो प्रयोग संपला.

आता स्त्रियांच्या निवडीकडे वळू. कारण दर्जाचा प्रश्न तेथे सर्वांत उघडा पडतो. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ साली चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांतल्या मेरी शार्लीब या तीन वर्षांचा अभ्यास करून तेथील प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्या, आणि तेवढ्यावर समाधान न मानता लंडनला जाऊन १८८२ मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी घेऊन परतल्या. एका इंग्रज बॅरिस्टरच्या पत्नीलाही मद्रासचे प्रमाणपत्र पुरेसे वाटले नाही, हे लक्षात घेतले की आनंदीबाईंचा निर्णय अधिक नीट समजतो.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, येथेच का शिकत नाही, असे लोक विचारत होते. त्यांना ते उत्तर होते. वय अठराच्या आत. सनावळ्यांत रमणारे चरित्रकार या भाषणातील धैर्याचे वर्णन करतात, पण त्याच्या मध्यभागी पदवीच्या निवडीचा काटेकोर विचार आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : मद्रासेस एक महाविद्यालय आहे, इतर इलाख्यांत सुईणींचे वर्ग आहेत, पण तेथले शिक्षण अपुरे आणि सदोष आहे, कारण शिकविणारे पुराणमतवादी आणि काहीसे मत्सरी आहेत. म्हणजे दार उघडे आहे हे त्यांना मान्य होते. ते दार कोठे नेते हा त्यांचा प्रश्न होता. सुईण होण्यासाठी नव्हे, डॉक्टर होण्यासाठी त्या निघाल्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या बाईला प्रसूतिविद्येची गरज कोणी समजावून सांगायची नव्हती. तरीही त्यांनी फक्त प्रसूतिविद्या शिकविणारा वर्ग नाकारला, आणि पूर्ण पदवी घेताना प्रबंधाचा विषय मात्र आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच घेतला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला वाटते. विषय तोच राहिला. त्यावर बोलण्याचा अधिकार त्यांना वरच्या पायरीवरून हवा होता.

फिलाडेल्फियाचे पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यकीय महाविद्यालय ही निवड दोन कारणांनी सयुक्तिक होती. तेथे शिक्षक आणि डीनही स्त्रिया होत्या. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली. दुसरे कारण कमी बोलले जाते. अमेरिकेत एम. डी. ही त्या काळी पहिलीच पदवी होती, तीन वर्षांत मिळणारी. मुंबई विद्यापीठात किंवा ब्रिटनमध्ये एम. डी. ही आधीच्या पदवीनंतरची उच्च परीक्षा. तेव्हा 'पहिली हिंदू स्त्री एम. डी.' म्हणताना दोन देशांतल्या सारख्या अक्षरांचे वजन सारखे नव्हते, एवढे भान ठेवावे. त्याने आनंदीबाईंचे कर्तृत्व तसूभरही उणे होत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीकक्षाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली, आणि कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. ही पदवी येथे कितपत चालली असती, हे पाहण्याची वेळच आली नाही.

त्या एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या. त्याच वर्षी मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी किट्रेज यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभारला, ग्रँट मेडिकल कॉलेजने स्त्रियांना घेण्याचे मान्य केले, नोव्हेंबरात कामा रुग्णालयाची कोनशिला बसली आणि डिसेंबरात डॉ. ईडिथ पीची मुंबईत उतरल्या. आनंदीबाईंचा निर्णय आठ महिने लांबता तर त्या कदाचित भायखळ्यास शिकल्या असत्या. इतिहासात असल्या 'तर'ला अर्थ नसतो हे खरे.

कलकत्त्यात कादंबिनी गांगुली या बी. ए. झालेल्या विदुषी १८८४ साली मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. अखेरच्या परीक्षेत एका विषयात त्यांना अनुत्तीर्ण ठरविले गेले आणि १८८६ मध्ये विद्यापीठाच्या एम. बी. ऐवजी त्यांना महाविद्यालयाचे जी. बी. एम. सी. हे बिरुद देण्यात आले. व्यवसाय करण्यास ते पुरेसे होते. मानाच्या जागेस नव्हते. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ साली स्थापन झाला होता आणि त्याच्या रुग्णालयांत स्त्री-डॉक्टरांच्या तीन श्रेणी होत्या. वरची श्रेणी ब्रिटिश नोंदवहीत नाव असणाऱ्यांची. हिंदुस्थानी महाविद्यालयांत शिकलेल्या स्त्रिया बहुतेक खालच्या दोन श्रेणींत. हा पेच ओळखून कादंबिनीबाई १८९३ साली घरी मुले ठेवून एडिंबरोस गेल्या आणि तेथील तिहेरी परवाना घेऊन आल्या. सात वर्षांच्या व्यवसायानंतर पुन्हा परीक्षेस बसण्याचे कारण ज्ञानाची उणीव हे नसावे.

हाच तिहेरी परवाना, म्हणजे एडिंबरो व ग्लासगो येथील तीन संस्थांचा संयुक्त परवाना, रखमाबाईंनी १८९४ साली मिळविला, आणि त्याच वर्षी ब्रसेल्सची एम. डी. दादाजी भिकाजी यांच्याशी चाललेला १८८४ ते १८८८ चा खटला सर्वपरिचित आहे. डॉ. पीची आणि इतरांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये लंडनच्या स्त्री-वैद्यकीय विद्यालयात गेल्या. शिक्षण लंडनमध्ये, परवाना स्कॉटलंडचा, एम. डी. बेल्जियमची असा हा तिपेडी प्रवास प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. त्याचा उलगडा नियमांत आहे. लंडनच्या रॉयल कॉलेजांची संयुक्त परीक्षा स्त्रियांना १९०९ पर्यंत बंद होती. लंडन विद्यापीठ स्त्रियांना पदवी देई, पण त्यासाठी आधी त्याच विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हवी. शाळेत फारसे जायला न मिळालेल्या बाईला तो लांबचा रस्ता होता. स्कॉटलंडचा परवाना ब्रिटिश नोंदवहीत जागा देई आणि ब्रसेल्स 'डॉक्टर' ही उपाधी देई. दोन्ही मिळून त्या वरच्या श्रेणीच्या झाल्या. सुरतेस आणि नंतर राजकोटास त्यांनी रुग्णालयाची प्रमुख म्हणून दीर्घकाळ काम केले, ते या निवडीच्या बळावर. ज्या न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा म्हटले, त्याच राज्याच्या नोंदवहीत आपले नाव कोणत्या मार्गाने घालता येईल याचा हिशेब त्यांनी चुकविला नाही.

नोंदवही हा शब्द येथवर अनेकदा आला. ब्रिटनमध्ये वैद्यकांची कायदेशीर नोंदणी १८५८ पासून होती. हिंदुस्थानात पहिला कायदा १९१२ सालचा, मुंबई इलाख्याचा. मद्रास व बंगाल यांनी १९१४ मध्ये अनुकरण केले. त्यापूर्वी कोणतीही अक्षरे लावून वा न लावता चिकित्सा करता येई. कायद्याने दोन वर्ग पाडले, आणि नोंदलेल्याने न नोंदलेल्याशी व्यावसायिक सहकार्य करू नये असा दंडक आला. मुंबईचे डॉ. पोपट प्रभुराम हे विद्यापीठाचे पदवीधर असून आयुर्वेद विद्यालयाशी संबंधित होते; कायद्यानंतर काही वर्षांतच त्यांचे नाव नोंदवहीतून काढण्यात आले. पिढीभरापूर्वी मुंबई विद्यापीठाचे एम. डी. असलेले अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी 'अष्टांगहृदया'ची आवृत्ती १८८० साली संपादून प्रसिद्ध केली होती. दोन विद्यांत वावरण्याची ती मोकळीक आता राहिली नव्हती. विद्यार्थ्याला एक बाजू घ्यावी लागली.

आयुर्वेदाच्या बाजूने उत्तर आले ते पदव्यांच्याच रूपात. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशकास आयुर्वेद महामंडळ भरले. परीक्षा आणि बिरुदे सुरू झाली. दिल्लीस हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते १९२१ मध्ये झाले. काशी हिंदू विद्यापीठाचे आयुर्वेद महाविद्यालय १९२७ चे. मुंबई सरकारने १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांचीही नोंदणी सुरू केली, आणि गुरूच्या घरी राहून शिकण्याची परंपरा त्यानंतर झपाट्याने ओसरली. कारण गुरूपाशी देण्यासारखा कागद नव्हता. काशीचा पुढचा इतिहास तर बोलका आहे. तेथील विद्यार्थ्यांना शुद्ध आयुर्वेदाची उपाधी नको होती, एम. बी. बी. एस. हवी होती. त्यांच्या रेट्यापुढे ते महाविद्यालय अखेर गेले आणि १९६० साली आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय त्याच्या जागी आले. मालवीयजींच्या विद्यापीठात हे घडावे, याची चर्चा आपल्या सांस्कृतिक इतिहासात फारशी होत नाही.

नोंदवहीचा दुसरा आघात परवानाधारकांवर झाला. पुण्याची बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा १८७८ ची, नागपूरची रॉबर्टसन शाळा १९१४ ची. अशा शाळांतून एल. सी. पी. एस., एल. एम. पी. वगैरे अक्षरे घेऊन निघणारा डॉक्टर चार वर्षांत, कमी खर्चात तयार होई आणि तालुक्याच्या गावी पाटी लावी. साठीपुढच्या वाचकांना तसल्या पाट्या आठवत असतील. ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने १९३० साली हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली, कारण प्रसूतीचे प्रात्यक्षिक शिक्षण अपुरे. आनंदीबाईंचा जुनाच आक्षेप, वेगळ्या हेतूने. उत्तर म्हणून १९३३ च्या कायद्याने अखिल भारतीय परिषद झाली, आणि ती केवळ विद्यापीठीय पदव्यांपुरती राहिली. परवानाधारक तिच्या कक्षेबाहेर. मद्रास सरकारने एल. एम. पी. बंद करण्याचे ठरविल्यावर वेल्लोरच्या मिशनरी शाळेपुढे दोनच वाटा उरल्या : बंद होणे किंवा पदवी महाविद्यालय होणे. इडा स्कडर यांनी १९१८ साली स्त्रियांसाठी काढलेल्या त्या शाळेत १९४२ पासून एम. बी. बी. एस. सुरू झाले.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यातील आकडे असे : ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीकृत वैद्यक सुमारे ४७,५००, त्यांत पदवीधर सुमारे १८,००० आणि परवानाधारक सुमारे ३०,०००. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि दर ४३,००० मागे एक परिचारिका. म्हणजे देशातले दर पाच डॉक्टरांपैकी तीन ज्या पदवीचे होते तीच पदवी बंद करून यापुढे एकच 'मूलभूत डॉक्टर' तयार करावा, अशी समितीची शिफारस होती. सहा सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली : खेड्यांना डॉक्टर हवे आहेत, परवानाधारक मिळतात, ते आणखी काही काळ तयार होऊ द्यावेत. ते मानले गेले नाही. शाळा महाविद्यालये झाल्या किंवा मिटल्या. पुण्याची १९४६ मध्ये, नागपूरची १९४७ मध्ये महाविद्यालय झाली. परवानाधारकांच्या संघटनाही आपली पदवी जावी आणि आपल्याला वरची मिळावी याच मताच्या होत्या, हे सांगितले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या दुय्यम वागविलेल्यांनी दुय्यमपण टिकविण्याचा हट्ट का धरावा? समितीच्या बहुमताचा समतेचा युक्तिवाद आणि अल्पमताचा खेड्यांचा युक्तिवाद हे दोन्ही माझ्या मते खरे होते, आणि त्यांतून सुटका देणारी तिसरी पदवी कोणी सुचविली नाही.

वैद्यकाभोवतीच्या इतर शाखांना पदवीचा दर्जा याच सुमारास मिळाला. औषधनिर्माणशास्त्राची पदवी काशीस १९३७ मध्ये, परिचर्येची दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ मध्ये. पुण्याच्या सेवासदनाने पतीविना राहिलेल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देण्यास त्याच्या पिढीभर आधी आरंभ केला होता. त्या बायकांच्या हाती पदवी नव्हती, उपजीविका होती. ही कहाणी स्वतंत्र निबंधाची आहे.

बंद केलेली पदवी मात्र पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिली. छत्तीसगड राज्याने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला; त्याचे नावही अनेकदा बदलले, आणि काही वर्षांत तो थांबला. आसामने २००४ च्या कायद्याने ग्रामीण आरोग्यसेवेची पदविका सुरू केली, जोरहाटला वर्ग भरले. गौहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायदा रद्द ठरविला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला : वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरविणे राज्याच्या अधिकारात नाही. दरम्यान आसामने २०१५ मध्ये दुसरा कायदा करून त्या पदविकाधारकांची सोय लावली होती; तो कायदा मात्र न्यायालयाने वैध मानला. त्या कायद्यानुसार ते आता डॉक्टर नाहीत. त्यांना 'कम्युनिटी हेल्थ' क्षेत्रातील कर्मचारी म्हणतात, आणि ते डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात.